त्रयोदशीची भरती पावणेदहाला

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता त्याहून मी आता चार वर्षांनी मोठी झाले आहे. म्हणजे खरं तर तुम्हीच मला ताई म्हणायला हवं. हसू नका. काल दुपारी टीव्हीवर सांगितलं की समुद्रात वादळ उठलंय, मच्छीमारांनी बाहेर जाऊ नये. सून भाजी निवडत होती, नातू अभ्यासाचं सोंग करत बसला होता, आणि मी आपली उठले ती घरातल्या एकेका खिडकीच्या कड्या लावत सुटले. चौथा मजला, बाहेर कडक ऊन, झाडाचं पान हलत नाही. सून म्हणाली, "आई, अहो काय चाललंय तुमचं?" काय सांगणार तिला? तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि माझा ब्रह्मराक्षस बघा कसा, चाळीस वर्षांनी जिना चढून वर आला. मग नातवाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि हे लिहायला बसले. त्या मे महिन्यातल्या सकाळबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमचा मचवा गेला त्या दिवसाबद्दल. तुम्ही जिवंत होता तेव्हा हा विषय निघाला की मी उठून पाणी भरायला जायची, तुमच्या लक्षात आलं असेल.

मुलुंडची ती आपली चाळ आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली औषधांचं दुकान. पण मला अजून दिसते ती मागची खोली, चुलीजवळच्या भिंतीवर तुम्ही कोळशाने लिहिलेल्या तिथ्या. घरात कॅलेंडर होतं, तरी तुमचा विश्वास भिंतीवर. सगळ्या मुली शाळेत मार खाऊन पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकल्या, मी तुमच्या मांडीवर शिकले. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनला भरती. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, एवढं सोपं. मी पहिली आले तेव्हा मास्तरांनी विचारलं, पाऊणकी एवढी घडाघडा कोणी शिकवली? मी म्हटलं, खाडीने. वर्ग हसला. तुम्ही मात्र हे ऐकून इतके खूश झालात की आईला म्हणालात, "बघ, पोर आपला आसा." देवगडाकडून तुमच्या वडलांनी आणलेला मचवा, एक डोलकाठी, एक शीड, आणि त्यावर तुम्ही मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतलं मीठ भरून मुंबईच्या बंदरात नेत होता. आपलं पोट त्याच्यावर होतं. मुलगा नव्हता तुम्हाला, एक मी आणि एक तो मचवा. आई म्हणायची, "दोघांतला लाडका कोण ता माका ठावक आसा," आणि ते चेष्टेत म्हणत नव्हती.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची, नुकतीच म्युन्सिपाल्टीच्या शाळेत लागलेली. भिंतीभिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्याने लिहिलेल्या असायच्या, आणि मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जायची. आई कपाळावर हात मारायची. मे संपत आला होता. तुमचे चारही खलाशी पेरणीसाठी गावाला निघून गेले होते. खरं म्हणजे मचवा तोवर बंदरात पोचून वर ओढलेला असायला हवा होता, पण शेवटची खेप राहिली होती, आणि तेवढ्यात तुम्हाला हिवताप धरला. त्यामुळे मचवा आपल्या बंदरापासून लांब, मिठागराच्या बाजूला खाडीत एका नांगरावर उभा, रिकामा, आणि तुम्ही घरात गोधडीखाली. दर दोन दिवसांनी हुडहुडी भरायची. दात वाजायचे ते मला मोरीपर्यंत ऐकू यायचे. ताप उतरला की घामाने भिजून बसायचे आणि पहिला प्रश्न, आज तिथी काय? मला तुमची इतकी भीती वाटायची ना, म्हणजे तुमच्यासाठी वाटायची. गालफडं बसली होती, डोळे पिवळे. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा त्याच तापाने त्याच महिन्यात गेले होते. रोज सकाळी उठले की मी आधी तुमच्या छातीकडे बघायची, वरखाली होतेय का.

आणि मग ती सकाळ. आठ वाजले असतील. मिठागराचा राखणदार धापा टाकत दारात उभा. बंदरावर बावटा चढलाय, कचेरीत फोन आला, आज दुपारनंतर वादळ, होडी आत घ्या. एवढंच बोलला आणि पळाला, कारण तिकडे मिठाच्या राशी उघड्या पडल्या होत्या आणि सगळ्या माणसांना त्या गवताने झाकायच्या होत्या. तुम्ही उठून बसलात. भिंतीकडे बघितलंत. त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा, आणि आपल्याकडे खाडीत आत असल्याने फार तर दहा. नऊला तिथे पोचलं की भरतं पाणी हाताशी, मचवा ढकलत ढकलत तिवरांमधल्या त्या आतल्या फाट्यात न्यायचा, दोन्ही बाजूंनी बांधायचा, वाऱ्याला सापडतच नाही. तासाभराचं काम. दुपारी जेवायला घरी. तुम्ही हे सगळं सदरा घालता घालता आईला सांगत होता, आणि तुमचा हात बाहीत जाईना इतका थरथरत होता. आई म्हणाली, "अहो, जीवात जीव नाय तुमच्या." तुम्ही म्हणालात, "माझ्यात नाय, पण तिच्यात आसा ना? जावक व्हया." ती म्हणजे मचवा. तुम्ही त्याला ती म्हणायचे.

तुम्ही टोपी घातली. चपला सरकवल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि मी चुलीजवळून मोठ्याने विचारलं, "बाबा, कुठे निघालात?"

आजच्या पोरांना यात काय झालं ते कळणार नाही. माझ्या नातवाला तर मुळीच नाही, तो दिवसातून दहा वेळा 'कुठे' विचारतो. पण आपल्यात निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत. कुठे म्हटलं की काम अडलंच. लांब चाललात का, म्हणावं, केव्हा येणार, म्हणावं. आणि दर्यावर जाणाऱ्याला तर नाहीच नाही. तुमच्या वडलांचा नियम होता, मागून 'खंय', म्हणजे 'कुठे', ऐकू आलं तर घरात परत यायचं, टोपी काढायची, पाय धुवायचे, साखर तोंडात टाकून घटकाभर बसायचं, मग नव्याने निघायचं. त्यांनी म्हणे एकदा हा नियम मोडला आणि सख्खा भाऊ गमावला. मला हे शंभर वेळा सांगून झालं होतं. आईच्या हातातली परात खाली पडली. "मेल्या तोंडाची! जीभ कशी झडली नाय तुझी!" ती माझ्या अंगावर धावून आली. तुम्ही उंबऱ्यातच उभे. क्षणभर मला वाटलं तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही बघितलं नाही. पाय आत घेतला, टोपी काढली, मोरीवर गेलात, पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसलात.

घटका म्हणजे किती, चोवीस मिनिटं. तेवढ्याने फारसं बिघडलं नसतं. पण बसल्यावर तुम्हाला हुडहुडी भरली. आई गोधड्या आणतेय, मी पाय चोळतेय, पाय बर्फासारखे. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि मध्येच "किती वाजले गो?" म्हणत होता. चाळीत घड्याळ एकाच बिऱ्हाडात. मी बघून येत होते आणि सांगत होते. पावणेनऊ. नऊ वाजून गेले. साडेनऊला तुम्ही गोधडी फेकली आणि उभे राहिलात. घाम फुटला होता, डोळे लाल. आई रडायला लागली. तुम्ही म्हणालात, "पाणी कोणासाठी थांबणा नाय," आणि या वेळी कोणी काही बोललं नाही, चाळीच्या गॅलरीतल्या बायकासुद्धा गप्प. आईला दमा, तिला शंभर पावलं चालवत नव्हतं. मी चपला घातल्या. तुम्ही नको म्हणाला नाहीत, त्यावरूनच मला कळलं की तुमच्या अंगात किती त्राण उरलंय.

रेल्वेचे रूळ ओलांडून आपण पूर्वेला उतरलो. तेव्हा तिकडे होतं काय, शेतं आणि पुढे मिठागरं. एरवी अर्ध्या तासाची वाट, त्या दिवशी दोन तासांहून जास्त लागले. तुम्ही तीनदा बसलात. हवा कशी होती ते मला अजून अंगावर आठवतं. वारा अजिबात नाही. आकाश स्वच्छ, फक्त दक्षिणेला खाली एक पिवळट पट्टा. कावळे नव्हते. मिठागरात पन्नास माणसं पळत होती, राशींवर गवत टाकत होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आपण बांधावर चढलो तेव्हा पाणी निघालेलं होतं. आतल्या फाट्याच्या तोंडाशी काळा चिखल उघडा पडला होता, त्यात बगळे चालत होते. आणि मचवा तिथेच, मोकळ्या खाडीच्या कडेला, तळ टेकायच्या बेतात. आत नेणं शक्यच नव्हतं. पुढची भरती अंधार पडल्यावर, आणि वादळ त्याच्या आधी. तुम्ही बराच वेळ त्या फाट्याकडे बघत राहिलात. मला वाटलं आता तरी ओरडाल, एक थोबाडीत द्याल. तुम्ही सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि म्हणालात, "आता हयच बांधूची लागतली. चल."

मी मचव्यावर आयुष्यात पहिल्यांदा काम केलं ते त्या दिवशी. बाईमाणसाला तुम्ही एरवी चढू दिलं नसतं. तुम्ही सांगत होता, मी करत होते. आधी शीड. आडव्या काठीपासून ते सोडवायचं, गुंडाळायचं आणि होडीतून बाहेर काढायचं, कारण गुंडाळलेलं शीडसुद्धा वाऱ्याच्या हाताला लागलं तर उलगडतं. भिजलेलं शीड किती जड असतं ते कोरड्या शिडावरूनच कळलं मला, खांद्यावर घेऊन चिखलातून राखणदाराच्या झोपडीपर्यंत नेताना दोनदा आडवी झाले. मग ती आडवी काठी खाली घेऊन होडीच्या लांबीला आवळून बांधली. वल्ही, बादल्या, फळ्या, जे जे सुटं ते सगळं बांधावर. डोलकाठी एकटी राहिली, ती दोघांच्याने उतरणारी नव्हती. मग मिठाच्या रिकाम्या गोण्या फाडून दोर जिथे जिथे लाकडाला घासेल तिथे गुंडाळायच्या. तुम्ही म्हणालात, "दोर वाऱ्यान तुटणा नाय. घासान तुटता." माझी बोटं सोलवटली होती, गोणीतलं मीठ त्यात जात होतं, आणि मी रडत होते ते त्यामुळेच असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही म्हणालात, "भियां नको गो. मी आसंय मां." तुम्ही आहात हीच तर भीती होती, बाबा. तुम्ही होडीच्या कठड्याला धरून उभे होता आणि तुमच्या कोपरातून घाम टपकत होता.

रिकामी होडी वाऱ्याला लगेच मिळते, पोटात वजन हवं, म्हणून मी टोपलीने खाडीचा चिखल आणून आत ओतला. किती टोपल्या ते विचारू नका, कमी पडल्या हे खरं. मग दुसरा नांगर. तो चिखलातून पुढे, नैर्ऋत्येला, नेऊन टाकायचा होता, वारा तिकडून येणार म्हणून. तुम्ही नांगर खांद्यावर घेतलात. मी म्हटलं, मी घेते. तुम्ही ऐकलं नाही. मी मागून दोर सोडत उभी. दहा पावलांवर तुम्ही गुडघ्यापर्यंत रुतलात, वीस पावलांवर मांडीपर्यंत. मग थांबलात. हलेनात. मी हाक मारली, तुम्ही उत्तर दिलं नाही. मला पोहता येत नाही, चिखलात तर कोणालाच येत नाही. मी दोराला धरून खाली उतरले तेव्हा माझी बोबडी वळली होती, बाबा बाबा एवढंच तोंडातून निघत होतं. जवळ गेले तर तुमचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. तुम्ही श्वास मोजत होता. मला म्हणालात, "पकड," आणि आपण दोघांनी मिळून तो लोखंडी नांगर चिखलात बसवला. तुमचा हात माझ्या हातावर होता, तापाने भाजत होता.

राहिलेले दोन दोर आणून बांधावरच्या उघाडीच्या खांबांना बांधले. मिठागरात पाणी घ्यायची-सोडायची ती लाकडी दारं, त्यांचे जाड खांब. मी आपली सगळा जोर लावून आवळत होते. तुम्ही माझा हात धरलात. "लय घट बांधलंस तर पाणी चढताना तोच दोर होडयेक बुडवता. भरतीक जागा ठेव." मग तुम्ही स्वतः दोर सैल करून दाखवलात, हात पसरून मोजून. आणि तेव्हाच तुमच्या मनात आलं की असा सैल-घट्ट करायला पाणी चढताना कोणीतरी होडीवर असायला पाहिजे. मी तुमच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. मी हात जोडले. पाया पडले, चिखलात. म्हटलं, बाबा, जाऊ द्या तिला, होडी काय, परत होईल. तुम्ही हसलात. "परत? खयसून?" आणि मला राखणदाराच्या झोपडीत बसवून, परत होडीकडे गेलात.

वारा पाचच्या सुमाराला आला. आला म्हणजे एकदम आला, भांडी घासताना नळाला अचानक पाणी यावं तसा. झोपडीचं अर्धं छप्पर पहिल्या झपाट्यात गेलं. राखणदार आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो. तो चांगला माणूस, मला धीर द्यायला म्हणून आपल्या बैलांच्या गोष्टी सांगत होता. पावसाच्या फटीतून मला मचवा दिसत होता, आणि तुम्ही, कमरेला दोर बांधून, या दोराकडून त्या दोराकडे वाकत. पाणी भरतीच्या वेळेच्या खूप आधीच चढलं होतं, वाऱ्याने सगळा समुद्र खाडीत लोटला होता. तुम्ही दोर सोडत होता, थोडा थोडा. नांगर धरून होते. तासभर सगळं धरून होतं. मला वाटायला लागलं, निभावलं. आणि मग वारा फिरला. नैर्ऋत्येकडून येत होता तो पूर्वेकडून आला, खाडीपलीकडून थेट. आपण ज्या बाजूला काही बांधलंच नव्हतं, त्या बाजूने. तरी दोर तुटला नाही, बाबा. तुम्ही बांधलेली एक गाठ सुटली नाही. बांधच फुटला. उघाडीचे खांब मुळासकट उपटून आले आणि मचवा फिरून उघाडीच्या दगडी कठड्यावर आपटला. एकदा. मग परत. लाकूड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि तुम्ही दिसेनासे झालात.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मी बांधावर पालथी पडून सरकत होते, उभं राहणं शक्य नव्हतं. मला आठवतंय की मी कोणत्याही देवाचं नाव घेतलं नाही, मी फक्त पाऊणकी म्हणत होते, मोठ्याने, वेड्यासारखी. राखणदाराला तुम्ही आधी दिसलात. फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी, कमरेचा दोर दगडांत रुतून बसलेल्या एका उपटलेल्या खांबाला अडकलेला, आणि तुम्ही त्या दोराला लोंबकळत. आम्ही दोघांनी ओढलं. तुमच्या डाव्या हाताची तीन बोटं चेंदामेंदा झाली होती. तुम्ही मला ओळखलं नाही. तुम्ही विचारलंत, "ती खंय?"

वाचलात तुम्ही. अठरा दिवस हॉस्पिटलात, दोन बोटं कापली, पण वाचलात. मचव्याच्या फळ्या कोणी कोणी नेल्या, डोलकाठी मात्र कितीतरी वर्षं चिखलात तिरकी उभी होती. तुम्ही परत कधी रूळ ओलांडून पूर्वेला गेला नाहीत. मुलुंडातल्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून लागलात, खाकी कोट, स्टूल, आणि अकरा वर्षं आत जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांना सलाम. तांडेल होता तुम्ही. तुमच्या शब्दाशिवाय कोणी दोराला हात लावत नसे. आईने ते मला विसरू दिलं नाही. पाव्हणा आला की चहाबरोबर ती गोष्ट, आणि शेवट ठरलेला, "हिच्या 'कुठे'नं घर बुडाला." माझ्या लग्नात, मांडवातसुद्धा, तिने नवऱ्याच्या आत्याला ते सांगितलं. आणि प्रत्येक वेळी तुम्ही, तुटक्या बोटांचा हात हलवत, तेच म्हणायचे, "रवांदे गो. तोंडातसून गेला पोराच्या. मुद्दाम कोण बोलता?"

मुद्दाम कोण बोलता. तुम्हाला माहीत नाही हे वाक्य ऐकून माझं काय व्हायचं. आई शिव्या द्यायची ते मला सोसायचं, बरं वाटायचं म्हटलं तरी चालेल. तुम्ही बाजू घेतली की तोंडचं पाणी पळायचं. एकदा मी तुमचा डबा घेऊन फाटकावर आले होते, पोटात थोरला होता तेव्हा. दुपारची वेळ, फाटक बंद, आपण दोघंच. तुम्ही भाकरी एका हाताने मोडत होता. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही वर बघितलंत, इतक्या प्रेमाने, की मी म्हटलं, आमटीत मीठ कमी पडलंय. तुम्ही म्हणालात, "मीठ मी खूप वाहिला, आता कमीच बरा." आणि हसलात. अकरा वर्षांत अशा किती दुपारी मिळाल्या मला. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सुविचार लिहायला लावायचे आणि घरी येऊन गप्प. भीती होती ती तुमच्या रागाची नव्हे. तुम्ही रागावला नसता, तेच मला नको होतं.

तर आता सांगते. ही वही नातवाच्या रद्दीत जाईल, वाचणारं कोणी नाही. तोंडातून गेलं नव्हतं, बाबा. मी मुद्दाम विचारलं. तुम्ही बाहीत हात घालत होता तेव्हाच मी मनातल्या मनात सगळं मांडलं, तुमच्याच पाऊणकीने: त्रयोदशी, पावणेदहा, तुमच्या तापातल्या चालीला एवढा वेळ, तुमचा नियम एवढा. माझा त्या 'कुठे'वर काडीचा विश्वास नव्हता. तुमचा होता, आणि तोच मी वापरला. थोडं जरी अडलं तरी भरती चुकेल, आणि भरती चुकली की हा माणूस जाऊन करणार काय, घरीच राहील, असं मला वाटलं. तुम्ही पाणी नसतानाही जाल हे माझ्या हिशेबात नव्हतं. होडी गेली तर जाऊ दे, मला तुम्ही हवे होता. एकोणीस वर्षांच्या मुलीचं डोकं, दुसरं काय. एवढंही मी कदाचित तुम्हाला सांगू शकले असते, आणि तुम्ही समजूनही घेतलं असतं. पण खाली आणखी एक आहे. तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि हुडहुडीने तुमचे दात वाजायला लागले तेव्हा मला आनंद झाला. मी आत गेले आणि देवापुढे चिमूटभर साखर ठेवली. मागून आई आली, तिने ते पाहिलं, आणि तिला वाटलं की मी चुकीची माफी मागतेय. मी तिला तसं वाटू दिलं. मी देवाचे आभार मानत होते, तुम्हाला ताप चढवल्याबद्दल.